दुष्काळातील पंगत

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी लोधीखेड्याजवळून जातो. संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते आणि तांब्यापितळेची भांडी घडवणारे कारागीर यांमुळे हा सौंसरचा मुलूख ओळखीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे भाग मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, कचेऱ्यांची भाषा बदलली. चुलीजवळची भाषा मात्र मराठीच राहिली. अशा सीमेवरच्या गावी उभे राहून मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाकडे पाहावे, असे आम्हास वाटते. कारण ज्या घटनेने त्या समाजाच्या औदार्याची आणि ऐक्याची खरी कसोटी घेतली, तिचे एक टोक याच जुन्या मध्यप्रांतात होते.

ही घटना म्हणजे १८९६-९७चा दुष्काळ. पाऊस अकाली थांबला, पिके उभी करपली, धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. तीन वर्षे होतात न होतात तोच १८९९-१९००चा दुसरा दुष्काळ आला. या दोन आघातांनी मध्यप्रांताची काय दशा केली, हे शिरगणतीच्या कोरड्या आकड्यांवरूनही कळते. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे ८ टक्क्यांनी घटली. रस्त्यांच्या व तलावांच्या दुष्काळी कामांवर हजारो माणसे खडी फोडीत होती; ज्यांना तेही बळ उरले नव्हते ती सरकारी अन्नगृहांच्या दाराशी पडून होती. आणि या गर्दीत ज्यांचे कोणीच उरले नव्हते, अशा लहान मुली आणि तरुण विधवा होत्या. त्यांना भुकेचे भय होतेच. पण भाकरीचा तुकडा दाखवून त्यांना फूस लावणाऱ्यांचे भय त्याहून मोठे होते.

पुण्यास पंडिता रमाबाईंच्या कानी ही हकीकत आली. वाचकांपैकी बहुतेकांना रमाबाईंचे चरित्र ठाऊक असेल. तरी येथे एक गोष्ट आठवणे अवश्य आहे. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही विदुषी स्वतः दुष्काळाची लेक होती. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत दक्षिणेत फिरत असता १८७४नंतरच्या दुष्काळी वर्षांत सापडले. त्यात प्रथम वडील गेले, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री दोघेच उरले आणि पायी चालत, अर्धपोटी राहत ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. ज्या सभेने रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तिला त्या स्त्रीच्या स्मरणातील भुकेची कल्पना कितपत असेल? वीस वर्षांनी मध्यप्रांतातील उपाशी मुलींची वार्ता आली तेव्हा ती भूक जागी झाली. दुसऱ्याचे दुःख पाहून दया येणे निराळे आणि आपलेच जुने दुःख दुसऱ्याच्या तोंडावर दिसणे निराळे.

त्या वेळी रमाबाईंची आर्थिक स्थिती कशी होती? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले होते. त्याचा भार अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनवर होता. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या या संस्थेत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले होते. ही दहा वर्षे आता संपत आली होती. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडला होता, पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, ‘केसरी’ची टीका चालूच होती. पैसा मुदतीचा, मित्र पांगलेले, घरात विधवांचा संसार. अशा माणसाने दूरच्या दुष्काळाविषयी हळहळ व्यक्त करून गप्प बसावे, हाच व्यवहार. रमाबाई मात्र मध्यप्रांतात गेल्या, दुष्काळी कामे आणि अन्नगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि तीनशे मुली आणण्याचा संकल्प केला. तो तडीस गेला.

अडचण तेथेच संपली नाही. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला होता आणि शहरात इतक्या मुलींना एकत्र ठेवण्यास सरकारची मनाई झाली. पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. बागेच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी व्हावी, असा त्यांचा हेतू. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्तिसदन जन्मास आले. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि एकूण संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

येथपर्यंतची कथा एका असामान्य स्त्रीच्या धैर्याची आहे, आणि ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. आमच्या विषयाचा खरा आरंभ याच्यापुढे होतो. तीनशे मुली आणणे एका व्यक्तीच्या निश्चयाने होते. तीनशे मुलींना सांभाळणे एका व्यक्तीने होत नाही. शारदासदनातील विधवा बहुतांशी उच्चवर्णीय घरांतल्या. त्या सदनात जातीचे निर्बंध पाळण्याची मोकळीक होती, स्वयंपाकाची सोवळीओवळी सांभाळली जात होती. समाजाने टाकलेल्या का असेनात, पण आपण ब्राह्मणाच्या लेकी ही एक पुंजी त्यांच्यापाशी उरली होती. आणि आता समोर आल्या त्या खेड्यापाड्यांतील, नाना जातींच्या, अंगावर खरूज, डोक्यात उवा, रोगांनी पोखरलेल्या मुली. उपासमारीने कित्येकींची रीतभात, लाजलज्जा, विश्वास सारे नाहीसे झालेले. अन्न दिसले की झडप घालावी, मिळाले की लपवून ठेवावे, अशी त्यांची स्थिती.

या मुलींना कोणी न्हाऊ घातले? कोणी त्यांच्या जखमा धुतल्या, कोणी त्यांना शेजारी निजवले? शारदासदनात शिकून तयार झालेल्या त्याच विधवांनी. ज्यांना काल कोणी दारात उभे करीत नव्हते त्या आज दुसऱ्यांच्या आया झाल्या. प्रत्येकीकडे काही मुलींचा भार आला. आणि या कामात सोवळे टिकणे शक्यच नव्हते. उपदेशाने जे झाले नसते ते एका आजारी मुलीच्या उशाशी बसल्याने झाले. मुक्तीतील ऐक्य हे कोणत्या ठरावाने आलेले नाही. ते सेवेच्या मागून, जवळजवळ नकळत आले.

थोडे मागे जाऊ. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पहिल्या मंडळीचे जे वर्णन आहे, त्यात सर्व जण एकजिवाने राहत व कोणाला काही उणे पडत नसे असे म्हटले आहे. कुप्र बेटाच्या बर्णबाने आपले शेत विकून पैसा मंडळीपुढे ठेवला, ही कथा प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते. पण त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक कमी आवडती हकीकत आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर निघाली. म्हणजे दान भरपूर होते. फुटीचे बीज वाटपात होते. भाषेने परक्या असलेल्या विधवेच्या ताटात कमी पडले, आणि एकजिवाच्या मंडळीला पहिली चीर गेली. तेव्हा मंडळीने काय केले? तक्रार दडपली नाही. सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती ग्रीकच आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या दिल्या. औदार्य आणि ऐक्य यांचा संबंध याहून स्पष्ट कोठे सांगितलेला आम्हास आढळत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड कायम राहिली तर कितीही दान केले तरी ऐक्य होत नाही. घेणाऱ्याच्या हाती वाढण्याचे भांडे आले म्हणजेच ते होते.

मुक्तीमध्ये हेच घडले. १८९७ साली आलेल्या मुलींपैकी ज्या सावरल्या, त्या १९०० साली आलेल्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. हे अन्नछत्र नव्हते. शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, पुढे छापखाना अशी नाना कामे तेथे चालत आणि खाणारा प्रत्येक हात काही ना काही करीत असे. अंध मुलींनाही बोटांनी वाचावयास शिकवण्याची सोय होती. त्या कामी रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी मन घातले होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, याच स्त्रियांच्या हातांनी जुळवले आणि छापले गेले. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींनी मराठी वाचकास एक सबंध बायबल दिले, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासातही नोंदली पाहिजे.

तथापि इतिहासकाराने केवळ गौरव गाऊन थांबू नये. एक आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि आजही घेतला जातो, तो असा की, भुकेल्याला भाकरी देताना त्याचा धर्म घेतला, तर त्यास औदार्य म्हणावे काय? हा प्रश्न क्षुद्र नाही. शारदासदनाच्या वेळी रमाबाईंनी धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे मान्य केले होते आणि त्या मर्यादेविषयीच वाद झाला. मुक्तिसदन मात्र आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती होते. निराधार बालिकेच्या मनावर पालन करणाऱ्याच्या श्रद्धेचा प्रभाव पडतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या मुलींसाठी दुसरे दार उघडे होते आणि रमाबाईंनी ते बंद केले, असे घडलेले नाही. बहुतेकींसाठी दुसरे दारच नव्हते. त्या दोन दुष्काळांनी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांनाच विचारले की, तुमच्या पंगतीत अनाथ मुलीसाठी पान आहे काय? ज्यांनी पान मांडले त्यांच्यावर टीका करण्याचा अधिकार ज्यांनी आपलेही मांडले त्यांना अधिक पोहोचतो.

स्वतः रमाबाईंचे पंथांविषयीचे धोरणही येथे लक्षात घ्यावयास हवे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात. परंतु तेथील भगिनींशी मतभेद असता त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही, आणि मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. त्यांच्या कार्यात निरनिराळ्या देशांचे आणि पंथांचे लोक येऊन मिळाले. ज्या मंडळीत कोण कोणत्या पंथाचा हे विचारण्यास सवड नसते, तिच्यात फूट पाडणेही अवघड जाते.

याच मध्यप्रांताशी मराठी ख्रिस्ती इतिहासाचा आणखी एक धागा जुळलेला आहे. नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळक यांस एका गोऱ्या प्रवाशाने ‘नवा करार’ दिला आणि त्या वाचनाचे पर्यवसान १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांच्या बाप्तिस्म्यात झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली त्या वाटेने आल्या. पतीच्या श्रद्धेपेक्षा त्यांना अडला तो स्पर्शाचा आणि पाण्याचा प्रश्न. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपले सोवळे कसे एकेक पायरीने सुटले, हे विलक्षण प्रांजळपणे सांगितले आहे. ज्या बाईला दुसऱ्याच्या हातचे पाणी घेणे जड गेले, तिनेच पुढे अनाथ मुलांना आपल्या घरात, आपल्या लेकरांच्या शेजारी वाढवले. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. पण पगाराचा आधार सोडल्यावाचून सर्वांना आपले म्हणता येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

आमच्या कोंकणी वाचकांस याच गुणाचे दुसरे रूप घरचेच वाटेल. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून मुंबईस पोट भरण्यासाठी आलेले खलाशी, स्वयंपाकी आणि वाजंत्री धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या ‘कुडी’ काढून राहत. एका मोठ्या दालनात भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, एका बाजूस वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेला तेर्स आणि वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त. भाडे नाममात्र. बोट मिळाली नाही म्हणून जो महिनोन्महिने बसून राहिला, त्याला कुडीने बाहेर काढले नाही. कमावत्याच्या वर्गणीवर बेकाराचा निवारा टिकला. येथे कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता; आज ज्याने दिले तो उद्या घेणारा होता. मात्र सत्य सांगावयाचे तर गोव्यातील अनेक गावांच्या कोफ्रारींत जातीची भिंत दीर्घकाळ उभी राहिली, आणि मराठी मंडळ्यांतही विवाह ठरवण्याच्या वेळी ती जुनी भिंत अनेकदा आठवली गेली. पंगतीत बसणे आणि सोयरीक करणे यांतील अंतर ख्रिस्ती समाजाने पूर्णपणे ओलांडले आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

शेवटी पुन्हा नागपुरास येऊ. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तेथे आले. शिक्षक, भूगर्भशास्त्रज्ञ आणि गोंडांच्या भाषेचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्कॉटिश मिशनच्या जेम्स डॉसन यांनी छिंदवाड्यास राहून गोंडीत बायबलचे काही भाग आणले. पुढे ते क्षेत्र स्वीडनच्या लूथरपंथी मिशनकडे गेले. नागपुरात प्रेस्बिटेरियन, अहमदनगरास काँग्रिगेशनल, छिंदवाड्यास लूथरन, मुंबईस अँग्लिकन. परदेशांतील भांडणांच्या या सीमारेषा आमच्या मुलखावर ओढल्या गेल्या, आणि त्या भांडणांशी ज्यांचा काही संबंध नव्हता त्या मराठी शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी त्या निमूटपणे वाहिल्या. १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. १९२९ साली सुरू झालेल्या वाटाघाटी चाळीस वर्षे चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. हेही ऐक्य अपुरेच होते. मेथडिस्टांची एक मोठी शाखा अखेरच्या घटकेस बाजूस राहिली, छिंदवाड्याच्या लूथरन मंडळीने आपली स्वतंत्र वाट ठेवली, रोमन कॅथलिक समाज तर त्या वाटाघाटींत नव्हताच.

तरीही या ऐक्याचे मोल कमी नाही. कारण तेही त्यागावाचून आले नाही. सहाही मंडळ्यांना आपले जुने नाव, आपली रीत, बिशप असावा की नसावा, बालकाला बाप्तिस्मा द्यावा की प्रौढाला, याविषयीचा आपला जुना हट्ट काही अंशी खाली ठेवावा लागला. शेत विकून पैसा देणे सोपे. आपणच खरे, हा अभिमान देऊन टाकणे त्याहून कठीण. बर्णबाचे शेत एकदाच विकले गेले. अभिमान मात्र प्रत्येक पिढीला नव्याने विकावा लागतो.

लोधीखेड्यासारख्या गावी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना मोठ्या सभांचे ठराव क्वचितच वाचावयास मिळतात. बाजारात मराठी, शाळेत हिंदी, गावात सर्व धर्मांचे शेजारी, अशा त्यांच्या जीवनात औदार्य आणि ऐक्य हे शब्द छोट्या गोष्टींतून कसास लागतात. शेजाऱ्याची विहीर आटली तेव्हा आपल्या विहिरीवर कोण पाणी भरते, परगावाहून आलेल्या मजुराच्या मयतीला खांदा कोण देतो, आणि मंडळीच्या भोजनात वाढण्याचे भांडे कोणाच्या हाती असते, हे पाहावे. तांब्याचे भांडे कितीही देखणे असो, आतली कल्हई उडाली की त्यातले अन्न कळकते, हे त्या गावच्या कारागिरास सांगावयास नको. दानाचेही तसेच आहे. ते बाहेरून कितीही झळाळले तरी आत समतेचा लेप नसेल तर घेणाऱ्याच्या तोंडी ते कडू लागते. केडगावच्या माळावर १८९७ साली ज्या विधवांनी आपले सोवळे उतरवून खरजेने भरलेली पोर मांडीवर घेतली, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु मराठी ख्रिस्ती समाजास आपल्या ऐक्याचा आरंभ कोठे झाला हे सांगावयाचे असेल, तर त्याने त्या मांडीकडेच बोट दाखवावे.